शेजारची खुर्ची

डोळ्यांचा पडदा जाऊन दिसेनासं झालं तेव्हा घड्याळजींनी मुकाट्यानं दुकान विकलं, भिंगं वाटून टाकली आणि हूं की चूं केलं नाही. पण रोज सकाळच्या पोथीसाठी म्हातारा असा हटून बसला की घर हैराण. घराणं ज्यू, आणि पोथी म्हणजे त्यांचं हिब्रू शास्त्र, वाडवडिलांपासून मूळ भाषेतच वाचत आलेलं. कुणी भाषांतर पुढे केलं की म्हणायचे, "म्हणजे दुसऱ्यानं जेवून यायचं आणि मला चव सांगायची. त्यानं पोट भरतं का?" कुणी वाचनाचा टेप आणून दिला, तर तोही नको. "याला चूक कशी दाखवू? थांब म्हटलं तर थांबणार आहे का हा?"

प्रार्थनाघराचे गुरुजी काही दिवस येऊन वाचून दाखवत, पण जिने चढून त्यांचे गुडघे कुरकुरायला लागले. मुलगा परदेशी. बापानं त्याला लहानपणी शेजारी बसवून इतकं शिकवलेलं, तर तो फोनवर म्हणाला, "बाबा, आता अक्षरंसुद्धा आठवत नाहीत हो." त्या दिवशी घड्याळजी जेवले नाहीत.

हे सगळं त्यांची मुलगी शिलाईच्या मशीनवर बसून ऐकत होती. गल्लीत तिला शिंपीणबाई म्हणत. पन्नाशी उलटलेली, जिभेला धार, नवरा गेल्यापासून बापाजवळच राहणारी. सगळ्या गल्लीची मापं तोंडपाठ असलेल्या या बाईनं एक गोष्ट मात्र कुणाला सांगितली नव्हती. तिला पोथी वाचता येत होती.

शिकवलं कुणी म्हणाल तर कुणीच नाही. त्या घरात मुलींना हिब्रू शिकवत नसत, आणि का नाही असं विचारायचीही सोय नव्हती. टेबलाच्या एका बाजूला बाबा, त्यांना चिकटून धाकटा भाऊ, आणि पलीकडे ही, मटार सोलत नाहीतर बटणं लावत. बाबांचं बोट ओळीवरून सरकायचं, शब्द न् शब्द ते फोड करून सांगायचे. धाकटा जांभया द्यायचा, आणि हिच्या डोक्यात सगळं उतरायचं. देवानं चणे एकाला दिले आणि दात दुसरीला! पुढे बाबा दुकानी गेले की ती आपल्या जागेवर उभी राहून, टेबलावरच्या लाकडी घडवंचीवर उघडी असलेली पोथी हातही न लावता वाचून घ्यायची.

पण खरं सांगायचं तर तिला नुसती अक्षरं नको होती. बाबांनी एकदा आपल्याला शेजारी बसवावं, आपल्यासाठी ते बोट फिरवावं, एवढंच तिला हवं होतं. वेण्या घालत होती तेव्हा हवं होतं आणि केस पिकले तेव्हाही. ती ओढ काही केल्या जात नव्हती.

एका सकाळी पाहते तर बाबा उघड्या पोथीवर तळवा ठेवून बसलेले. तिला राहवेना. मशीन थांबवून ती म्हणाली, "बाबा, मी वाचू?"

"काय वाचतेस?"

"पोथी."

"अगं, ती हिब्रूत आहे."

"मग मला काय ती वाण्याची यादी वाटली?"

म्हातारा थक्क. कुठून, कसं, काही न विचारता त्यांनी चाचपडत शेजारची खुर्ची ओढली. "ये. अशी इथं बस."

ती जाऊन बसली. बाबांचा खांदा तिच्या खांद्याला लागला. त्यांनी पान सारखं केलं, त्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "हं."

तिनं पानाकडे पाहिलं. एक अक्षर ओळखू येईना! हे काय भलतंच? मग हळूहळू उजेड पडला. सारा जन्म तिनं हे पान समोरून पाहिलं होतं. तिच्या ओळखीची सगळी अक्षरं डोक्यावर उभी होती. या बाजूनं ती निरक्षर होती.

पोथी फिरवून घ्यावी? छे. त्यांच्या घरी पोथी चुकून उलटी ठेवलेली दिसली तरी सरळ करून तिचा मुका घेत. ती आपल्या हातानं उलटी कशी करायची, तीही बाबांच्या पुढ्यात?

"येत नसेल तर राहू दे, पोरी," बाबा मायेनं म्हणाले. "तुझी इच्छा पोचली मला."

ते तिला झोंबलं. ती उठली.

"कुठे चाललीस?"

"माझ्या जागेवर."

टेबलाला वळसा घालून ती पलीकडे बसली आणि वाचायला लागली. बाबांच्याच चालीत, ते श्वास घेत तिथंच श्वास घेत. बोट वर करून चूक दाखवायला टपलेला म्हातारा एकदाही बोट वर करीना.

बऱ्याच वेळानं त्यांनी विचारलं, "तिथून शिकलीस? समोरून?"

"हो."

"इतकी वर्षं तू तिथंच होतीस?"

"जाणार कुठे? तुम्ही कधी वर पाहिलंच नाहीत, बाबा." चिडून बोलायचं नव्हतं तिला. बोलता बोलता रडूच आलं.

बाबांनी तोंडावरून हात फिरवला. "आजचा पाठ पुरा कर," एवढंच म्हणाले. तिनं डोळे पुसत पुरा केला. मग त्यांनी शेजारच्या खुर्चीवर थापटलं. "आता इकडे ये. पहिल्या अक्षरापासून सुरू करू."

"अहो, तुम्हाला दिसत नाही आणि मला तिकडून वाचता येत नाही!"

"मग? धाकट्याला तरी कुठे येत होतं?"

ती आली, बसली. बाबांनी तिचं बोट आपल्या मुठीत धरलं आणि पानावर टेकवलं. ते कोऱ्या समासावर पडलं.

"हे अलेफ," बाबा म्हणाले. "म्हण."

"अलेफ," ती म्हणाली.