पस्तावा कशाचा

दुसऱ्या बाळंतपणात पद्माला झटके आले, मूलही हाती लागलं नाही. तेव्हाच डॉक्टरीणबाईंनी तिच्या नवऱ्याला, जनार्दनला, बाहेर बोलावून बजावलं होतं, "आता पुन्हा दिवस राहता कामा नयेत. हिच्या जिवावर बेतेल."

जनार्दन लोंढे मूळचा नगरकडचा, कॅथलिक. रेल्वेच्या नोकरीमुळे बडोद्याला आलेला. लूप, ऑपरेशन हे सगळं चर्चच्या शिकवणीत पाप. फादरनीही तेच सांगितलं : संयम ठेवा, महिन्यातले धोक्याचे दिवस पाळा. पद्मा एकदाच म्हणाली, "तुम्ही ऑपरेशन करून घ्या ना. माझ्यासाठी."

"देवाच्या कामात आपण हात घालायचा नाही," तो म्हणाला. त्याला ते मनापासून वाटत होतं.

दिवस पाळले, तरी चुकले. सातव्या महिन्यात पुन्हा झटके आले आणि याही वेळी मूल मेलेलंच जन्मलं. पद्मा वाचली, पण तिचा डावा हात लुळा पडला. खंडेराव मार्केटातून दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या घेऊन झपाझप येणारी ती, आता परात पायाने दाबून धरून कणीक मळू लागली.

जनार्दनने ते दारातून पाहिलं. दुसऱ्या दिवशी तो दवाखान्यात जाऊन नसबंदी करून आला. संध्याकाळी त्याने पद्माला सांगितलं.

"आता केलंत," एवढंच ती बोलली आणि तव्यावरची पोळी उलटली.

नाताळ जवळ आला तसा तो पापांची कबुली द्यायला, कन्फेशनला गेला. जाळीपलीकडच्या फादरना त्याने आपल्या मोडक्या गुजरातीत सगळं सांगितलं.

"ऑपरेशननो पस्तावो छे, भाई?" फादरनी विचारलं.

"ना, फादर." पुढचं गुजराती त्याला सुचेना. तो मराठीतच बोलत सुटला. "पस्तावा आहे तो आधी केलं नाही याचा. तिने मागितलं होतं हो. त्याची क्षमा मिळेल का?"

फादरना मराठी समजत असे.  ते हळू आवाजात म्हणाले, "ते पाप नव्हतं, जनार्दन. ऑपरेशन हे पाप आहे. त्याचा पस्तावा होईल तेव्हा ये. मी वाट पाहीन."

त्या रविवारी मिस्साला कम्युनियनसाठी रांग लागली. क्षमा मिळाल्याशिवाय तो प्रसाद घेता येत नाही, म्हणून जनार्दन बाकावरच बसून राहिला. त्यांची मुलगी कांचन त्याची बाही ओढू लागली. "पप्पा, चला ना!"

"तू आईबरोबर जा," तो म्हणाला. मागच्या बाकावरून कोणीतरी वाकून बघत होतं. त्याने मान खाली घातली.

घरी आल्यावर पद्माने विचारलं, "फादरना काय सांगितलंत?"

त्याने सगळं सांगितलं.

"पस्तावलो म्हणून टाकायचं होतंत."

"खोटं झालं असतं."

"मागच्या वर्षी मला नाही म्हणालात, तेव्हाही तुम्ही खरंच बोलत होतात," पद्मा म्हणाली. आवाजात राग नव्हता. राग असता तर त्याला बरं वाटलं असतं.

थोड्या वेळाने तिने कंगवा आणला आणि कांचनला त्याच्यापुढे बसवलं. "हिच्या वेण्या मला आता जमत नाहीत. तुम्ही शिका."

त्याने केसांचे तीन पेड केले. पहिली वेणी वाकडी झाली. पद्माने ती सोडायला लावली, आणि त्याने पुन्हा घातली.