आर. एम. भोईर

पायाच्या अंगठ्यात अडकवलेली झोळीची दोरी ओढत दिशाने आकडा पुन्हा पाहिला. तेहतीस. झोळीतून आवाज येत नव्हता, म्हणून तिने उठून कापड सारलं, लेकीच्या नाकाखाली बोट धरलं, श्वास लागला तेव्हाच परत बसली.

तीस हवे होते. बाळंतपणात संशोधन सुटलेल्या बायकांसाठीची फेलोशिप होती ती. खंड दोन वर्षांच्या आतला पाहिजे, आणि तिची दोन वर्षं याच महिन्यात भरत होती. आपल्या शोधनिबंधाचा आधार दुसऱ्या कोणी घेतला की एक सायटेशन. अशी किमान तीस. अर्जाची मुदत आज पाचपर्यंत.

भाजलेल्या कातडीच्या जागी बसवायची रेशमाची जाळी तिने पीएचडीत केली होती. जाळीवर पेशी वाढतात, कातडी धरते, मग जाळी विरघळून जाते. पण जाळी घट्ट व्हायची, पेशी आत शिरायच्याच नाहीत. शेवटी भिवंडीतल्या सत्तारभाईंनी ती आपल्या लूमवर विणून दिली. "अरे बेटी, चादर बनवतेस काय? ढील दे, ढील!" त्या ढिलाईवरचा निबंध दूरदूर गेला. पडघ्याच्या या घरात मात्र त्याबद्दल तिला कोणी विचारलं नव्हतं.

आधार घेणारे कोण कोण, म्हणून तिने यादी उघडली. पोर्तुगाल. इराण. जपान. पाहुण्यांची नावं वाचावीत तशी ती एकेक वाचत गेली. मग आर. एम. भोईर. खाली पुन्हा भोईर. चारदा. तिचा पाय थांबला. आपल्याच भागातलं कोणी हेच काम करतंय? पत्र लिहावं का त्याला? तिने नावावर टिचकी मारली.

रूपा मनोज भोईर.

लग्नात मनोजने ताटातल्या तांदळांत अंगठीने नाव लिहिलं होतं, रूपा. पुढे गॅझेटातही बदललं. पदवी दिशा अनंता केणेची; लग्नानंतरचे चार निबंध पीएचडीच्या सरांनी परस्पर नव्या नावाने, रूपाच्या, पाठवले होते. कॉम्प्युटरला त्या दोघी वाटत होत्या.

अर्जाच्या तळाशी रकाना होता, 'दुसरे नाव असल्यास'. तो भरला की स्वतःच स्वतःचे घेतलेले आधार वजा. एकोणतीस.

तिने दापोड्याला गोदामात ड्युटीवर असलेल्या मनोजला फोन लावला.

"म्हणजे तुझं तूच वाचतेस? भारी आहे!" तो हसला. मागे ट्रक रिव्हर्स घेत होता. "सोड ना रिकामा रकाना. कोण बघायला बसलंय?"

"मी बसलेय."

"मग बस," तो म्हणाला. "गाडी लागलीये, ठेवतो."

दारात वाल सोलत बसलेल्या सासूने, गुणाबाईने, मान वर केली.

"काय झालं गं रूपा? त्वांड का उतारलं?"

"एक कमी पडतोय, आई. माझी दोन नावं आहेत ना, म्हणून."

"त्यात काय? सगल्या बायांना दोन अस्तात."

दिशा तिच्याकडे बघत राहिली. तीन वर्षं या बाईच्या हातचं जेवत होती.

"तुमचं माहेरचं काय होतं?"

गुणाबाईच्या बोटांत वाल तसाच राहिला. तिने एकदा रस्त्याकडे पाहिलं, कोणी ऐकत तर नाही ना असं.

"नवशी," ती म्हणाली. मग आवाज उतरवून, "मी लई पवायची. तलाव आडवा जायची. इथं आले, मंग गुणा झाले. गुणाला कवा पान्यात जावंसं वाटलंच न्हाय."

आणि आपलंच काही चुकल्यासारखी ती भराभर वाल सोलू लागली.

दिशाने रकान्यात रूपा लिहिलं, पूर्ण नाव, आडनावासकट. तेहतीसचे एकोणतीस झाले. चौकट लाल झाली. तरी तिने बटण दाबलं.

"गेला काय अर्ज?" गुणाबाईने विचारलं.

"गेला."

"लागंल?"

"नाही वाटत."

गुणाबाईने पुढचा वाल उचलला. मान वर न करता तिने हळूच विचारलं,

"त्या दिशानं काय लिवलं व्हतं गं?"