थेंब उतरेपर्यंत

"काल रात्री मी काय काय केलं गो?" हे रोज सकाळी विचारायचे, आणि मी सांगायची.

"राजवाड्यातला मनोरा चालत आला होता. तुम्ही त्याला सतराचा पाढा म्हणायला लावलात. अडखळला, तसा कान धरून अंगणात उभा केलात. उजाडायच्या आत सोडलात म्हणून बरं. टूरिस्ट येऊन काय बघणार होते, खड्डा?"

हे हसायचे. हसले की चिकटलेले ओठ सुटायचे, आणि मग मला चमच्यानं पाणी घालता यायचं.

हे म्हणजे वेंकटराव, माझे यजमान. जन्मभर हेडमास्तर. शाळेतून रिटायर झाले, घरातून नाही. गेल्या वर्षी कॅन्सर मणक्यात उतरला आणि रात्री असे ओरडायला लागले की समोरची तमिळ बाई दार उघडून गल्लीत येऊन उभी राहायची. गोळ्या झाल्या, पाठीला चिकटवायच्या पट्ट्या झाल्या. शेवटी आमच्या गल्लीतली डॉक्टर वर्षा, लहानपणी माझ्या मांडीवर बसून गोष्टी ऐकलेली, तिनं चिठ्ठी लिहून दिली. विजयेचं तेल. जिभेखाली थेंब.

"ही विजया कोण?" मी विचारलं.

"भांग, आजी. पण औषधाची. चिठ्ठीशिवाय मिळत नाही."

"म्हणजे हेडमास्तरांना मी भांग पाजायची? शाळेला एक दिवस सुट्टी तरी द्या म्हणावं."

वर्षा हसली. मीही हसले. तेव्हा हसू येत होतं.

रात्र सुधारली, हे खरं. थेंब पडले की थोड्या वेळानं कपाळावरची आठी सुटायची, मुठी उघडायच्या, झोपायचे. पण सकाळ हातची गेली. डोळे लाल, तोंडात कापूस भरल्यासारखं, उठायला गेले की खोली फिरायची. बोलायला लागले की वाक्याचं एक टोक धरेपर्यंत दुसरं निसटायचं. मला कधी त्यांची आई समजायचे, कधी शाळेतली आया. दुपारी ऊन विहिरीच्या कठड्याशी आलं की एकदम माणसात यायचे. चष्मा मागायचे, पेपर मागायचे. रात्रीचं तर काहीच आठवायचं नाही. सकाळचं अर्धंमुर्धं आठवायचं, पाण्यात पडलेल्या चित्रासारखं. मधली ती भोकं मी भरायची. देवळातला नंदी काय, मनोरा काय, सगळे येऊन जायचे. एवढी ये-जा आमच्या घरी कधीच नव्हती.

मग एका सकाळी यांनी विचारलं, "काल सूर्या आला होता का गो?"

सूर्यनारायण आमचा मुलगा. ओरत्तनाडुला असतो, सरकारी ऑफिसात. टाउन बसनं गेलं तर पेल्यातली कापी थंड व्हायच्या आत पोचावं इतकं जवळ, पण त्याच्या मुलाच्या, कार्तिकच्या मुंजीपासून तो आमच्या उंबऱ्यात आलेला नाही. मुंजीत संकल्प म्हणताना तो अडखळला. यांनी भर मांडवात म्हटलं, "एवढं येत नाही तर मुलाला काय शिकवणार? ऊठ, मी बसतो." आणि बसले! बापाला उठवून आजोबा पाटावर. सूर्या सोवळ्यातच बाहेर जाऊन उभा राहिला. जेवला नाही. त्यानंतर हे एकदाही "चुकलं" म्हणाले नाहीत, आणि तो एकदाही आला नाही. मी फोन लावून द्यायची तर हे तोंड फिरवायचे. "फोनवर नको. यायचं तर समोर येऊ दे."

तर त्या सकाळी त्यांनी विचारलं, आणि त्यांचे ते लाल डोळे माझ्याकडे लागले होते. मी काय केलं असेल?

"आला होता की," मी म्हटलं. "तुमचा हात धरून बसला होता."

"माझा हात?" त्यांनी हात उलटा-सुलटा करून बघितला. "मग मला उठवलं का नाहीस गो?"

दिवसभर तो हात त्यांनी पांघरुणाबाहेर ठेवला.

संध्याकाळी मी बाटली घेऊन गेले तर ओठ घट्ट मिटलेले. "आज नको. परत आला तर? झोपलेला बाप बघून किती वेळा परत जाईल तो?"

"अहो, दुखेल."

"दुखू दे."

दुखलं. टॉवेल दातात धरून पडले होते. दुसऱ्या दिवशीही तेच, मिटलेले ओठ. समोरची बाई परत गल्लीत येऊन उभी राहिली. आणि मी स्वयंपाकघरात उभी राहून स्वतःचं तोंड आवळून धरलं, जसं काही आत्ता धरून उपयोग होता.

सकाळी सूर्याला फोन केला.

"अप्पा तुझ्यासाठी औषध घेत नाहीत रे."

"पुरे अम्मा. पोंगलला तुझा हात मोडला होता म्हणे. मी धावत बसस्टँडवर आलो, तर शेजारचे फोनवर म्हणतात, अम्मा मुरुक्कु तळत्येत."

"चार चकल्या, डाव्या हातानं तळत होते."

"अम्मा!"

"बरं, ते खोटं होतं. हे नाही. तू ऐक." आणि मी फोन धरून ह्यांच्या खोलीच्या दारात उभी राहिले. काही सांगावं लागलं नाही. त्यानं ह्यांचं कण्हणं ऐकलं.

मग म्हणाला, "शुक्रवारी सकाळी येतो. ऑफिसच्या आधी. एकदाच."

मी ह्यांना सांगितलं, शुक्रवारी सकाळी उजेडात येणार आहे, रात्री जागायचं काही काम नाही. तेव्हा कुठे तोंड उघडलं.

पण आता दुसरीच पंचाईत. येणार सकाळी, आणि सकाळी हे नसतातच! मी वर्षाकडे गेले.

"एक सकाळ मला स्वच्छ पाहिजे गं. एकच."

तिनं नीट समजावलं. थेंब झोपताना द्यायचे नाहीत, संध्याकाळी लवकर द्यायचे, जेवल्याबरोबर, म्हणजे पहाटेपर्यंत उतरतात. एक थेंब कमी करून बघा. पाणी भरपूर. उठवलं की लगेच उभं करायचं नाही, पाय खाली सोडून बसवायचं. रिकाम्या पोटी कापी नाही. "आणि आजी, मध्येच उठून जास्तीचे देऊ नका. उशिरा दिलेलं दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत अंगातून जात नाही."

बुधवारी करून बघितलं, तर सकाळी माझं नाव बरोबर घेतलं. गुरुवारी तर इडली स्वतःच्या हातानं खाल्ली आणि सांबारात मीठ कमी म्हणाले. मीठ बरोबर होतं, पण मला रडू आलं. गुरुवारी संध्याकाळी यांनी दाढी करून घेतली, नेसायला धुतलेली वेष्टी काढायला लावली. "मी त्याला काय म्हणू गो?" असं विचारलं. हेडमास्तर मला विचारतात, काय म्हणू!

"म्हणा, चुकलं."

"एवढंच?"

"एवढंच."

त्यांनी दोनदा पुटपुटून बघितलं, पाठांतराला घेतल्यासारखं.

आणि त्याच रात्री दुखणं उलटलं. एक थेंब कमी होता ना. ते ओरडले नाहीत, ओरडले असते तर बरं झालं असतं. सूर्या येणार म्हणून दम धरून पडले होते, आणि सगळं अंग पिळल्या कपड्यासारखं झालं होतं. पहाटेच्या सुमाराला माझा पदर धरला आणि म्हणाले, "विशालू, दे."

"सकाळी सूर्या यायचा आहे. थोडं सोसा."

"दे गो. मला काही नको. दे."

पन्नास वर्षांत ह्या माणसानं माझ्याकडे हात पसरून काही मागितलं नव्हतं. मी दिले. थेंब पडताना मला माहीत होतं मी काय करत्ये.

सूर्या आला. उंबऱ्यात थांबला, मग आत आला. केस केवढे पिकलेत त्याचे! मी ह्यांना पाय खाली सोडून बसवलं, पाणी पाजलं, लिंबू दिलं, तोंडावर गार पाण्याचा हात फिरवला. मान एका बाजूला कलत होती. डोळे लाल, कुठेतरी लांब.

"अहो, सूर्या आलाय. बघा."

सूर्या खाली बसला आणि त्यानं दोन्ही हातांनी बापाचे पाय धरले. नमस्काराला धरतात तसे नाही, धरून ठेवले.

ह्यांनी खाली बघितलं. मग माझ्याकडे बघून हसले. रोज सकाळी हसायचे तेच हसू.

"हा जमलाय गो," म्हणाले. "मनोऱ्यापेक्षा चांगला. पण एक चुकलीस. सूर्या माझे पाय धरणार नाही. कुठून आणलास ह्याला?"

सूर्यानं हात काढले.

"अरे, औषध आहे ते," मी म्हटलं. "पहाटे मी दिलं. मी दिलं रे. दुपारपर्यंत थांब, उतरेल. काल तुझंच पाठांतर चाललं होतं."

"काय पाठांतर?"

"चुकलं म्हणणार होते तुला."

त्यानं माझ्याकडे असं बघितलं! मी जन्मभर एवढ्या बाता मारल्या, नंदीला चालवलं, मनोऱ्याला चालवलं, पण खरी गोष्ट कशी सांगायची ती मला येत नाही. ती माझ्या तोंडून बाहेर पडतानाच बातेसारखी दिसते.

"अम्मा," तो म्हणाला, "ते शुद्धीत असतानाही मांडवात मला तेच म्हणाले होते. ऊठ, तू तो नाहीस." दारात जाऊन चपला घातल्या. "ह्यापुढं बोलावू नकोस. अप्पांचं काही झालं तर कळव."

गाडी गल्लीच्या वळणाला गेली. मी फोन केला, उचलला नाही. तासाभरानं परत केला. मग सुनेनं, जयश्रीनं उचलला. "नका करू आत्ता. ते परत घरी आलेत, कुणाशी बोलत नाहीयेत. पुढे कधीतरी बघू." पुढे कधीतरी! वर्षानं मला मागेच सांगितलंय, पुढे फार नाही.

ऊन विहिरीशी आलं. ह्यांनी चष्मा मागितला. मग स्वतःच्या धुतल्या वेष्टीकडे बघितलं.

"आज शुक्रवार ना गो? सूर्या आला?"

मी भात कालवत होते.

"सकाळी कोणीतरी होतं," ते म्हणाले. "मला अंधुक आठवतंय. तो आला होता आणि मी झोपेत होतो का? तसं असेल तर आता मी थेंब घेणारच नाही. आज नाही, उद्या नाही. परत येईल तेव्हा मी जागा सापडलो पाहिजे." आणि आत्तापासूनच पलंगाची कड हातानं घट्ट धरली.

मला ते पुढचे दिवस सगळे दिसले. दातातला टॉवेल, पिळलेलं अंग, आणि दाराकडे लागलेले डोळे. त्या दारातून कोणी येणार नव्हतं.

"नाही आला," मी म्हटलं. "फोन आला होता, येणार नाही म्हणाला. त्या रात्रीही आला नव्हता. हात धरला ते मी रचलेलं. तुम्ही विचारलंत म्हणून."

ते बघत राहिले. चष्म्याआडून, परीक्षेत बघायचे तसे.

"मग सकाळी कोण होतं?"

"गॅसवाला. सिलिंडर घेऊन आला होता."

हात पलंगाच्या कडेवरून सुटला. भात तसाच राहिला. संध्याकाळी मी बाटली आणली, त्यांनी मुकाट मान वर केली. तोंड उघडलं, आणि परत मिटलं.

"गॅसवाल्यानं माझे पाय का धरले गो?"

मी बाटलीतून नळीत थेंब ओढून घेतले.

"सिलिंडर जड होता," मी म्हटलं. "तोल गेला त्याचा."

त्यांनी तोंड उघडलं. मी एकही थेंब कमी केला नाही.