गजीचा ढोल, मुक्काम स्टोअररूम

मी गजीचा ढोल बोलतोय, स्टोअररूममधून. वर मोडक्या खुर्च्या, बाजूला फिनाईलचे कॅन. आवाज रागीट वाटला तर बरोबर ऐकताय.

जन्म देवगाव रंगारीचा. आंब्याचं खोड कोरून माझं पोट केलं, तोंडावर बकऱ्याचं कातडं ताणलं. बकऱ्याचं मत कुणी विचारलं नाय. मालक बिरू धनगर. जत्रेत तो मला गळ्यात अडकवून वाजवायचा, भोवती गडी रुमाल उडवत गोल नाचायचे. त्याला गजी म्हणतात. बिरूचा एकच नियम होता. रिंगणात पाऊल टाकलं की नाचायचं, नुसतं बघणाऱ्यानं बाहेर थांबायचं. सरपंचालाही सूट नव्हती.

बिरूचा पोरगा अजिनाथ बापापेक्षा भारी वाजवायचा. मग त्याला आवाज ऐकू यायला लागले. मेंढरं आपल्याबद्दल बोलतात म्हणायचा. गावानं त्याला येडा ठरवून टाकलं. भर जत्रेत अंगात आलेलं गावाला चालतं, कोपऱ्यात गप बसलेला पोरगा चालत नाय.

डॉक्टरनं स्किझोफ्रेनिया सांगितला, गोळ्या दिल्या. बिरू दर शनिवारी त्याला एसटीनं संभाजीनगरच्या एका मानसिक आरोग्य केंद्रात आणायचा. तिथं करुणाताई पेशंटना गोलात बसवून बोलतं करायच्या. गोल झकास व्हायचा, बोलायचं कुणी नाय.

एकदा बिरू लग्न वाजवून तसाच पोराला घ्यायला आला. अजिनाथनं मला ओढलं आणि थाप मारली. चहाला सुद्धा न उठणारी पेशंट पारूबाई उठली आणि नाचायला लागली.

“गजी बायका नाय खेळत,” बिरू म्हणाला.

“मग तू बस की खुर्चीवर,” पारूबाई म्हणाली.

करुणाताईंनी रुमाल आणले आणि मी तिथंच राहिलो. आजार पळून गेला नाय, गोळ्या चालूच होत्या. पण माणसं एकमेकांच्या पायाकडं बघायला लागली, मग तोंडाकडं. बासितलाही आवाज ऐकू यायचे. ताईंनी त्याला विचारलं, ढोलानं आवाज थांबतात का?

“नहीं ताई. डोक्यात दोघं भांडतातच. पर अब ठेक्यात भांडतात.”

सगळे हसले. अजिनाथ सुद्धा.

मग केंद्राचा वर्धापनदिन आला. सेक्रेटरी अभयसाहेब म्हणाले, “आपले पेशंट बिथरतील. दिसायला बरं दिसलं पाहिजे.” त्यांनी ‘बरे झालेले रुग्ण’ म्हणून कॉलेजची पोरं नाचायला आणली. खरे पेशंट शेवटच्या रांगेत बसवले. मला झेंडूचा हार घालून टेबलावर ठेवलं, फोटो लावल्यासारखं. वर करुणाताईंना बजावलं, “आज झालं की शनिवारचा गोंधळ बंद. शेजारी तक्रार करतात.”

कॉलेजच्या पोरांच्या ऐन नाचात लाइट गेली. स्पीकर गप, पोरं गप. अजिनाथ उठला, हार काढला, मला गळ्यात घातलं आणि वाजवलं. शेवटची रांग रुमाल काढत पुढं आली. साहेब थांबवायला रिंगणात घुसले. पारूबाईनं त्यांच्या हातात रुमाल कोंबला.

“आत आलास ना? नाच.”

साहेबांचे हात एकीकडं, पाय दुसरीकडं, तोंडानं “बंद करा! बंद करा!”

प्रमुख पाहुणे भारावले. अजिनाथला शाल घातली. “तुमचं कलापथक उत्तम आहे.” मग साहेबांच्या पाठीवरून हात फिरवला. “गोळ्या वेळेवर घेता ना?”

“अहो, मी सेक्रेटरी आहे!”

“हो, हो. आहातच तुम्ही.”

साहेब जितके ओरडले तितकी लोकांची खात्री पटत गेली. दोघांनी धरून खुर्चीत बसवलं, पाणी पाजलं. बासित शेजारी बसून समजूत घालत होता. “शुरू शुरू में असंच होतं, साहेब.”

तुम्हाला हसू आलं असेल, मला नाय आलं. साहेबांनी जे घटकाभर भोगलं, ते अजिनाथ रोज भोगतो. खरं बोलला तरी आजार, चिडला तरी आजार.

दुसऱ्याच दिवशी साहेबांनी मला इथं कोंडलं. शनिवारी अजिनाथनं कुलूप बघितलं आणि माघारी गेला. त्यानंतर आलाच नाय. गोळ्या थुंकून टाकतो, अंथरुणातून उठत नाय, असं बिरू ताईंना फोनवर सांगत होता. करुणाताई रोज किल्ली मागतात, साहेब रोज ‘बघू’ म्हणतात. काय बघणार आहेत? मला? मग उघडा की दार.

काल पारूबाईनं स्टोअररूमचा पत्र्याचा दरवाजाच बडवायला घेतला. बाहेर रिंगण फिरायला लागलं. दरवाजा दणाणला तसं आत माझं कातडं आपोआप घुमलं. ताईंनी देवगावला बिरूला फोन लावला, पोराच्या कानाला धर म्हणाल्या आणि आपला फोन दाराला टेकवून धरला.

बासित ओरडला, “अजिनाथ, सुन! ढोल आतून जवाब देतोय!”



पलीकडून अजिनाथचा आवाज आला. “पारूबाईला सांगा, हात चुकतोय.”

“मग ये की दाखवायला!” पारूबाई बडवता बडवता म्हणाली.

“येतो शनिवारी. गोळी घेऊनच.”

अभयसाहेब, ऐकलंत ना? पोरगा गोळी घेऊन, एसटीत बसून येतोय. कुलूप काढा.