आज नको

त्या दिवशी आनंदराजनं फोन उचलला नाही, झालं एवढंच होतं. तो बिलोलीच्या शाळेत शिक्षक, परीक्षेच्या कामात अडकलेला. पण नांदेडच्या घरात एकटी असलेल्या लुंबिनीनं तेवढ्यावरून ठरवून टाकलं: गेला नवरा, सोडून गेला. तिनं त्याला नको नको ते मेसेज पाठवले आणि दुपारी अमरेशला फोन लावला. अमरेश कॉलेजातला जुना ओळखीचा. ती त्याच्या खोलीवर गेली. त्याच्याबद्दल तिला काही वाटत नव्हतं. कुणीतरी जवळ घ्यावं, इतकंच. परतताना ऑटोत ती ओढणीनं तोंड झाकून बसली. ओळखीचं कुणी नव्हतं, तरी.

संध्याकाळी आनंदराज आला. "फोन सायलेंटवर राहिला ना," म्हणाला. मेसेज वाचूनही त्यानं "जेवली का?" एवढंच विचारलं. तिला त्याच्याकडे बघवेना.

बॉर्डरलाइन व्यक्तिमत्त्व विकार, असं डॉक्टरीणबाईंनी तिच्या आजाराचं नाव सांगितलं होतं. जवळचं माणूस सोडून जाईल, या भीतीनं टोकाला जायला होतं, म्हणाल्या होत्या. सासू पारूबाई म्हणायच्या, "पोरगी लई तापट हाय." लुंबिनीला मात्र वाटायचं, आजार नुसता म्हणायला, आपण मुळातच घाण आहोत.

पुढच्या भेटीला दोघंही गेले. डॉक्टरीणबाईंसमोर तिनं फरशीकडे बघत सगळं सांगून टाकलं. आनंदराज उठून बाहेर गेला. आता संपलं, असं समजून ती मागून आली, तर तो जिन्याजवळच्या बाकड्यावर हेल्मेट मांडीवर घेऊन बसलेला.

"मला लई राग आलाय," तो म्हणाला. "घरी जाऊ. पण आज माझ्याशी बोलू नको."

बरेच दिवस तो बाहेरच्या खोलीत झोपला. शेजारणीनं सहज "बरंय ना?" विचारलं, तरी लुंबिनीचे कान तापायचे.

मग एका रविवारी दुपारी त्यानं तिच्या खांद्यावर हात ठेवला. आजवर तिनं कधी नाही म्हटलं नव्हतं. अंगाला नको असलं तरी हो. नाही म्हटलं तर माणूस जाईल. त्या वेळी ती छताकडे बघत पडायची, आणि नंतर न्हाणीत पुन्हापुन्हा अंगावर पाणी घ्यायची. हे त्याला कधी कळलंच नव्हतं.

"आज नको," ती म्हणाली.

त्यानं हात काढून घेतला. "हाव, बरं," तो म्हणाला. मग उठत, "चहा ठेवू का?"

तिनं मान डोलावली. वर बघायची लाज अजून होतीच. एरवी ती "राग आला का तुम्हाला?" करत त्याच्या मागं मागं फिरली असती. आज जागेवरच बसली, आणि तो आत साखरेचा डबा शोधत राहिला.