खवट पीठ

निलमचं घर डहाणूच्या किनाऱ्यावरच्या आगर गावात. सुकत घातलेल्या बोंबलांच्या वासात वाढलेली मुलगी, तिला वासाची किळस अशी कधी यायची नाही. मुंबईतल्या ज्या कंपनीत ती नोकरी करत होती तिचं काम होतं श्रीमंतांना सल्ला देण्याचं. दान कुठे करावं, कधी करावं, कशाच्या रूपात करावं. डहाणू-तलासरीतल्या गरजू संस्था शोधून काढायचं काम निलमकडे होतं.

"दान भावनेच्या भरात करायचं नसतं, त्याचं नियोजन करायचं असतं," तिचे साहेब नविन सर सांगायचे. निलमला ते पटायचं. फाटके कपडे आणि तुटकी खेळणी पाड्यांवर टाकून जाणाऱ्या गाड्या तिने लहानपणापासून पाहिल्या होत्या. नियोजन असेल तर निदान लागेल ते मिळेल, असं तिला वाटायचं.

वेवजीच्या मुलींच्या वसतिगृहाला काय लागतं, हे तिने तिथल्या सुदाम सरांना विचारलं होतं. सुदाम सर वसतिगृह चालवायचे. "न्हाणीघरं," ते लगेच म्हणाले. "दारं असलेली. पोरी अंधार असतानाच उठून उघड्यावर आंघोळ उरकतात." निलमने तसं कळवलं. एक कारखानदार तयार आहेत, असा नविन सरांचा निरोपही आला.

मार्च संपत आला तेव्हा वसतिगृहात टेम्पो आला. विटा नव्हत्या, पत्रे नव्हते. खोकी होती, पौष्टिक पिठाच्या पाकिटांची. दाते स्वतः त्या पिठाचेच कारखानदार होते, सुनिल साहेब. दुपारी ते मुलींच्या हातात पाकिटं देणार होते.

स्वयंपाक करणाऱ्या बायजीने एक पाकीट फोडलं आणि लगेच तोंड फिरवलं. निलम जवळ गेली. खवट, घशात बसणारा वास होता. पिठाला जाळी धरली होती आणि जाळीत अळ्या वळवळत होत्या. दुसरं फोडलं, तिसरं फोडलं, तेच. तारखेवर नवी चिठ्ठी चिकटवली होती. बायजीने ती नखाने खरवडली. खालची तारीख कधीच उलटून गेली होती.

नविन सरांची गाडी आली तसं निलमने फोडलेलं पाकीट त्यांच्यापुढे धरलं.

"सर, हे किडलंय."

त्यांनी रुमाल नाकाला लावला. "हळू बोल. चाळून घ्यायला सांग."

"आणि न्हाणीघरं?"

"निलम, जरा समजून घे. मुदत संपलेला माल नष्ट करायला खर्च येतो. इथे दिला की तो खर्च वाचतो, वर तोच माल छापील किमतीने समाजकार्याच्या खर्चात दाखवता येतो. यालाच नियोजन म्हणतात."

"मुली आजारी पडतील."

"या घरी काय खातात ते मला माहीत आहे," ते हसत म्हणाले. "यांना पचतं सगळं."

ही वाक्यं बोलणाऱ्या माणसाबरोबर आपण पाड्यापाड्यांतून फिरलो, लोकांनी त्याला आपल्या भरवशावर पाटावर बसवलं, हे आठवून निलमला शिसारी आली.

सुदाम सरांनी तिला बाजूला घेतलं. "ताई, गप्प राहा. आज यांना दुखावलं तर उद्या आमच्याकडे कोण येणार? आम्ही पीठ खड्ड्यात पुरू."

निलम स्वयंपाकघरात गेली आणि बायजीला म्हणाली, "या पिठाचा शिरा कर. चाळू नको."

सुनिल साहेब आले. हार झाले. सुकी नावाच्या मुलीने पाठ केलेलं स्वागताचं भाषण म्हटलं. साहेबांनी पहिलं पाकीट तिच्या हातात ठेवलं, कॅमेरेवाला पुढे सरकला, तेवढ्यात निलम ताटली घेऊन आली.

"साहेब, तुमच्या पिठाचा शिरा केलाय. आधी तुम्ही घ्या, मग मुली घेतील."

शिऱ्यात काय होतं ते पहिल्या रांगेतल्या मुलींनाही दिसत होतं. साहेबांनी ताटलीकडे पाहिलं. दचकले नाहीत, हे काय म्हणून विचारलंही नाही. तोंडावरचं हसू तसंच ठेवून त्यांनी ताटली दोन बोटांनी दूर सारली.

"मला नको. बाहेरचं मी खात नाही. मुलींना द्या."

म्हणजे त्यांना ठाऊक होतं.

तेव्हा सुदाम सर उठले. त्यांनी सुकीच्या हातातलं पाकीट काढून घेतलं आणि खोक्यात ठेवलं. "माल परत न्या," ते म्हणाले. आवाज चढला नव्हता, पण चेहरा काळवंडला होता. टेम्पोवाला कुरकुरला, तशी बायजीने पदर खोचला आणि पहिलं खोकं स्वतः उचललं. मग मोठ्या मुली उठल्या.

निलमची नोकरी संध्याकाळच्या आतच गेली. घरी आईने भात आणि कोलंबीचं कालवण वाढलं. निलमने पहिला घास तोंडात घातला आणि तशीच उठून मोरीकडे धावली. हात कितीदा धुतले तरी बोटांना तो वास होताच.

न्हाणीघरं पुढे पाड्यातल्या लोकांनीच उभी केली, कारवीच्या काठ्या विणून मातीने लिंपलेल्या कुडाची. ती किती पावसाळे टिकतील कोण जाणे, पण दारं होती.

निलमला मात्र त्या रात्रीपासूनच एक गोष्ट स्वस्थ बसू देईना. टेम्पो वेवजीहून निघाला खरा, पण तो गेला कुठे? नविन सरांना या भागातल्या सगळ्या संस्था तिनेच दाखवल्या होत्या. दुसऱ्या दिवसापासून ती एकेकाला फोन करू लागली. "खोकी आली तर उतरवून घेऊ नका. आधी फोडून बघा."

चिखल्याच्या बालवाडीतल्या प्राजक्ताबाई फोनवर हसल्या. "अगं, ती आली की. फोटोपण झाले. मी चाळून लाडू वळलेत. पोरं आत्ताच खायला बसलीत."

"थांबवा त्यांना!" निलम ओरडली आणि फोन कानाला लावूनच स्कूटरच्या किल्लीसाठी धावली.