देवचाराचं वळण

दिवस मावळला की भाई डॉक्टरांना समोर माणूस आहे एवढंच कळे, कोण ते कळत नसे. साठ सालच्या पावसात त्यांनी मोटार भाताच्या शेतात घातली, तेव्हापासून संध्याकाळनंतरच्या व्हिजिटा बंद. म्हणून अठरा पूर्ण होताच आनंदीने, त्यांच्या मुलीने, शिकाऊ लायसन काढलं आणि गावाला चघळायला विषय मिळाला.

"चेडवाच्या हातात मोटार! हिका घोव खंयचो मेळतलो?" शेजारच्या हौसाबाई तिच्या लग्नाची काळजी करत विहिरीवर म्हणायच्या. नातवाला ताप आला की त्याच मोटारीची वाट बघायच्या. पण ते त्या हिशेबात धरत नसत.

शिकवलं शिवाने. लष्करात लॉरी चालवलेला, आता रात्रीच्या एसटीवर असलेला गावातला माणूस. गिअर, क्लच, हाताचे इशारे, सगळं चोख. फक्त कट्टा गावाच्या वाटेवर घाटीत देवचाराचा पाषाण आला की म्हणायचा, "दोनय हात जोड गो. तेवढो वेळ गाडी तोच सांभाळता." वाट राखणारा देव तो, आनंदी निमूट हात जोडायची.

परीक्षेच्या सकाळी मात्र शिवाच म्हणाला, "आज मनातल्या मनात जोड. परीक्षेचो साहेब कोल्हापूरचो आसा, तेका देवचार ठावक नाय."

इन्स्पेक्टर शेजारी, शिवा मागे. आज हुकलं तर साहेब पुन्हा येणार ते पावसाळा सरल्यावर. तोवर तापाचे दिवस, आणि भाई घरात बसून. हात सोडायचे नाहीत, सोडायचे नाहीत, आनंदी घोकत होती. घोकता घोकता वळण आलं आणि तिचे दोन्ही हात कपाळाशी गेले.

मोटार गटाराकडे निघाली. "गो बाय!" शिवा ओरडला. तिने स्टेअरिंग पकडलं तोवर चाक कडेच्या चिऱ्याला घासलं होतं. वळणापुढे, चढावर, साहेब म्हणाले, "थांबवा."

शिवा मागून पुढे झुकला.

"चूक माझी, साहेब. मीच शिकवलंय तिका."

"तुम्ही गप्प बसा. परीक्षा यांची आहे."

"हात मीच सोडले," आनंदी म्हणाली. "देवचारासाठी."

साहेबांनी मागे पाषाणाकडे पाहिलं. "देवाला भेटायचं तर गाडी उभी करून भेटावं. घ्या मागे. त्याच्यापर्यंत."

चढावर, वळणात, उलटं! शिवासुद्धा हे टाळायचा. आनंदीने मान वळवली. एका अंगाला गटार, दुसऱ्या अंगाला उतार. मोटार मुंगीच्या पावलांनी मागे सरकत होती. पाषाणासमोर तिने हँडब्रेक ओढला, मग हात जोडले. शिवाने जोडले. साहेबांनी टोपी काढली. उकडत होतं म्हणून, असं समजायला हरकत नाही.

"आता चढवा. मागे घसरली तर मी इथेच उतरतो."

हँडब्रेक सुटला. मोटार क्षणभर जागच्या जागी थरथरली आणि वर निघाली.

आषाढातल्या एका संध्याकाळी, कट्ट्याच्या पेशंटकडे जाताना, ती वळणावर थांबली तेव्हा मागून भाई करवादले, "थांबलंस कित्याक? पेशंट वाट बघता गो!"

"साहेबांनी उभी करून जोडूक सांगल्यानी," लायसनवाली आनंदी म्हणाली आणि तिने सावकाश हँडब्रेक ओढला.